पाताळगंगा पेट्रोरसायन संकुल

रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात, रसायनी-मोहोपाडा परिसरातील एमआयडीसीत असलेले रिलायन्स इंडस्ट्रीजचे संकुल. १९८२ मध्ये येथे पॉलिएस्टर धाग्याचे उत्पादन सुरू झाले. तंत्रज्ञान अमेरिकेच्या ड्यूपॉन्टचे होते, मालकी मात्र येथलीच राहिली. मफतलाल समूहाने १९६१ मध्ये शेल कंपनीला भागीदार करून ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोसिल ही पेट्रोरसायन कंपनी उभारली होती. पाताळगंगेचा मार्ग त्याहून वेगळा. उभारणीची जबाबदारी स्टॅनफर्डचे शिक्षण अर्धवट सोडून आलेल्या मुकेश अंबानी यांच्याकडे होती.

पुढे धाग्याकडून कच्च्या मालाकडे, असा उलटा प्रवास झाला. नाफ्थ्यापासून पॅराझायलिन, त्यापासून पीटीए ही पांढरी भुकटी, ती ग्लायकोलबरोबर शिजवली की पॉलिएस्टर. हा रस बारीक छिद्रांच्या तबकडीतून दाबून काढला की थंड हवेत त्याचे तंतू होतात आणि रिळांवर गुंडाळले जातात. पाण्याच्या बाटलीचे पेट प्लास्टिकही याच पीटीएपासून बनते.

या इतिहासात ड्यूपॉन्टचे नाव सगळे घेतात, पाण्याचे कोणी घेत नाही. वास्तविक कारखाने येथे आले ते पाण्यामुळे. टाटांच्या खोपोली जलविद्युत केंद्रातून १९१५ पासून लोणावळ्याच्या धरणांचे पाणी घाटाखाली उतरते, म्हणून पाताळगंगा नदी उन्हाळ्यातही वाहती राहते. (शेजारच्या कर्जतमध्ये भिवपुरी केंद्राच्या अशाच पाण्यावर राजनाल्याकाठी उन्हाळी भात पिकतो.) हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी रिलायन्सच्या कितीतरी आधी याच नदीच्या भरवशावर रसायनीत आली. वीजनिर्मिती थांबली की पात्रातले पाणी उतरते आणि काठच्या गावांच्या नळयोजनांना ते आधी जाणवते. घाटापलीकडून आलेल्या या पाण्यावर गावांचा हक्क पहिला आहे, हे उद्योगांच्या नोंदींत ठळकपणे यायला हवे.

हीच नदी २४ जुलै १९८९ च्या अतिवृष्टीत संकुलात शिरली. यंत्रे गाळात बुडाली. त्याच अतिवृष्टीत सुधागड तालुक्यातील जांभूळपाडा उद्ध्वस्त झाले. कारखाना सुमारे तीन आठवड्यांत पुन्हा सुरू झाला. जांभूळपाड्यात गेलेली माणसे परत आली नाहीत.

पॉलिथिन व पीव्हीसीचे कारखाने कंपनीने पुढे पाताळगंगेत नव्हे, तर गुजरातेत हजिरा येथे काढले. रायगडात पॉलिथिन बनते ते नागोठण्यात. मूळचा आयपीसीएल या सरकारी कंपनीचा तो प्रकल्प २००२ मध्ये निर्गुंतवणुकीतून रिलायन्सकडे आला.