तळं खुलं झालं, पोहायला कोण शिकवणार?

२० मार्च १९२७ ही तारीख आपल्याला पाठ आहे. बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि त्यांच्यामागे हजारोंनी ते प्यायलं. पण त्याच्या आधीचा आणि नंतरचा इतिहास आपण भाषणात घाईने उरकतो. सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ सालीच मंजूर केला होता. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं कागदावर खुलंही केलं. सत्याग्रहानंतर मात्र सवर्णांनी पंचगव्य ओतून ते ‘शुद्ध’ केलं आणि ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडलं.

हक्क द्यावा लागतोय असं दिसलं की सार्वजनिक वस्तूच काढून घ्यायची, ही चाल फक्त महाडची नाही. अमेरिकेत सेंट लुईस शहराने २१ जून १९४९ रोजी फेअरग्राउंड पार्कचा तलाव कृष्णवर्णीयांना खुला केला, त्याच दिवशी गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीय पोरांवर हल्ले केले. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात पाच सार्वजनिक तलाव होते, चार गोऱ्यांचे आणि एक काळ्यांचा. न्यायालयाने हा भेद घटनाबाह्य ठरवल्यावर शहराने एकत्र पोहू देण्याऐवजी तलाव चालवणंच सोडून दिलं. १९७१ मध्ये ‘पामर विरुद्ध थॉम्पसन’ खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ही तलावबंदी वैध ठरवली.

त्याच १९७१ साली फिलाडेल्फियात जिम एलिस या कृष्णवर्णीय गणित शिक्षकाने पीडीआर नावाचा जलतरण क्लब सुरू केला. ही अक्षरं शहराच्या करमणूक विभागाच्या नावातली. पुढे त्यांचा अर्थ अभिमान, निर्धार आणि चिकाटी असा लावला गेला. गरीब वस्तीतल्या सार्वजनिक तलावावर एलिस पोरांना वर्षानुवर्षं शिकवत राहिले. ‘काळ्यांना पोहणं जमत नाही’ असं उघड बोललं जाण्याचा तो काळ होता. या क्लबची अनेक मुलं अमेरिकेच्या ऑलिम्पिक निवड चाचणीपर्यंत पोहोचली. २००७ साली एलिस यांच्यावर ‘प्राइड’ हा चित्रपटही आला.

न्यायालयात हरलेली लढाई क्लबने जिंकली, असं मी म्हणत नाही. खटला हवाच, सत्याग्रह हवाच. पण दार उघडल्यावर आत नेऊन पाण्यात उतरवणारं माणूसही लागतं.

आपल्याकडे बघा. खेड्यात पोरगं पोहायला कुठे शिकतं? विहिरीत. कमरेला दोर, पाठीला पत्र्याचा डबा किंवा सुकवलेला भोपळा, आणि काठावर काका नाहीतर मामा. पण विहीर कोणाची? ज्याची जमीन त्याची. ज्यांना विहिरीतून पाणी शेंदायलाही मनाई होती, त्यांच्या पोरांना त्यात सूर कोण मारू देणार? जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तो याच समाजात. पोहणं बापाकडून पोराकडे येतं. बोर्द्यू ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो, ते हेच. आज्याला पाणी नाकारलं की नातवाला पोहता येत नाही. मग तोच नातू पावसाळ्यात खदानीत किंवा शेततळ्यात उतरतो आणि पोलीस पंचनाम्यात ‘अपघाती मृत्यू’ लिहितात. या अपघाताला इतिहास आहे.

काही कार्यकर्ते म्हणतील, आधी शिक्षण, नोकरी, अट्रॉसिटीचे खटले. पोहणं ही चैन आहे. पण जीव वाचवणारं कौशल्य चैन कसं? आणि जीवरक्षक, प्रशिक्षक हा रोजगारही आहेच की.

म्हणून आपल्या शहरातल्या जलतरण तलावावर जा. तिथल्या क्लबचे सभासद व्हा, स्वयंसेवक म्हणून नाव द्या. स्पर्धेत प्रत्येक लेनला वेळ घेणारी माणसं लागतात, नावनोंदणीला लागतात, लहान मुलांना सांभाळायला लागतात. अमेरिकेतल्या क्लबांत ही कामं बहुतेक पालकच करतात. पोहता येत नसेल तरी स्टॉपवॉच धरता येतं. पोहायला शिकवण्याचं काम मात्र प्रशिक्षित माणसाच्या आणि जीवरक्षकाच्या देखरेखीखालीच करा. मग कार्यकारिणीत बसा. शुल्क किती, सवलत कोणाला, मुलींची वेळ कोणती, वस्तीतल्या मुलांसाठी तुकडी का नाही, हे तिथे ठरतं. बाहेरून निवेदन देणाऱ्यापेक्षा आत वर्षभर राबलेल्याचा शब्द तिथे जड जातो. तलाव महापालिकेचा असेल आणि ठेकेदाराकडे दिला असेल, तर माहिती अधिकारात करार मागवा. सवलतीच्या अटी असल्या तर त्या वाचा आणि अमलात आणायला लावा.

दर २० मार्चला आपण महाडला जातो, जायलाच हवं. यंदा परत आल्यावर वस्तीतल्या दहा पोरापोरींची यादी करा आणि उन्हाळी तुकडीत त्यांची नावं घाला. ओंजळीतलं पाणी बाबासाहेबांनी मिळवून दिलं. पाण्यात न बुडण्याची विद्या एकमेकांना द्यायचं काम आपलं आहे.

जय भीम!