एड्सची शिवाशिव आणि आपली चळवळ

दरवर्षी १ डिसेंबर येतो तेव्हा आपले कार्यकर्ते ६ डिसेंबरच्या तयारीत असतात. पुस्तकांचे स्टॉल, बाहेरगावच्या गाड्या, अन्नदान. या धावपळीत जागतिक एड्स दिन कधी गेला ते कळतही नाही. आम्हाला हे खटकतं, कारण एड्सने गेलेल्या माणसांचा इतिहास अस्पृश्यतेच्या इतिहासाला लागूनच आहे.

भारतात एचआयव्हीचं निदान पहिल्यांदा झालं १९८६ साली, चेन्नईत, डॉ. सुनीती सोलोमन यांच्या पुढाकाराने. रक्ताचे ते नमुने देहविक्री करणाऱ्या आणि सरकारी सुधारगृहात ठेवलेल्या बायकांचे होते. डॉक्टरांचं नाव आपल्याला माहीत आहे, त्या बायकांचं नाही.

मग गोवा. डॉमिनिक डिसोझा हा तरुण नेमाने रक्तदान करायचा. त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला आणि १९८९ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी त्याला उचलून म्हापशाच्या एका जुन्या क्षयरुग्णालयात कोंडलं. गुन्हा काहीच नव्हता. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातच तशी तरतूद होती. आई कोर्टात गेली. ६४ दिवसांनी तो सुटला, पण मुंबई उच्च न्यायालयाने ती तरतूद मात्र वैध ठरवली. १९९२ मध्ये तो वारला. स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने हा विषाणू पसरत नाही, हे तेव्हाही वैद्यकशास्त्राला ठाऊक होतं. तरी माणूस गावकुसाबाहेर ठेवला गेला, आणि तोही कायद्याने! 'विटाळ' हा शब्द फक्त वापरला नाही, एवढंच.

याच्या उलट उदाहरण सांगलीचं आहे. तिथे 'संग्राम' संस्थेचं काम १९९२ च्या सुमारास सुरू झालं आणि १९९६ मध्ये देहविक्री करणाऱ्या बायकांनी स्वतःची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी केली. त्यांच्यात देवदासी प्रथेतून आलेल्या, दलित जातींतल्या बायका होत्या. निरोध वाटणं, गिऱ्हाईकाला नकार देणं, पोलीस आणि गुंडांच्या त्रासाविरुद्ध एकत्र जाणं हे त्यांनी स्वतः केलं. एकट्या बाईला नकार परवडत नाही. अख्खी गल्ली नकार देते तेव्हा गिऱ्हाईकाला ऐकावं लागतं. प्रतिबंध म्हणतात तो हाच. भिंतीवरच्या घोषणेने तो होत नाही.

इथे आपल्यातलेच काहीजण विचारतात, १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी कामाठीपुऱ्यातल्या बायकांना हा धंदा सोडा असं सांगितलं होतं, मग आपण निरोध काय वाटायचे? बाबासाहेबांचे शब्द कडक होते, ते झाकायची गरज नाही. पण त्यांनी त्या बायकांना सभेला बोलावून, समोर बसवून ते सांगितलं. पाठीमागे नावं ठेवली नाहीत. आणि हेच बाबासाहेब १९३४ मध्ये 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा र. धों. कर्वे यांचे वकील म्हणून उभे राहिले. लैंगिक प्रश्नांवर उघड, शास्त्रीय बोलण्याला त्यांची हरकत नव्हती. ती आपल्याला का असावी?

सरकारने मोफत एआरटी औषधं १ एप्रिल २००४ पासून सुरू केली. त्याआधी गेलेले कितीतरी जण औषध जगात असूनही परवडत नाही म्हणून गेले. आज नियमित औषध घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत न सापडण्याइतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचं घर यांत भेदभाव करायला आणि संमतीशिवाय तपासणी करायला त्याने मनाई आहे. ॲट्रॉसिटी कायद्याची कलमं आपल्या पोरांना तोंडपाठ असतात. हा कायदा मात्र वस्तीत कुणी वाचलेला नसतो.

म्हणून आमची मागणी अगदी साधी आहे. यंदा चैत्यभूमीला जाणाऱ्या प्रत्येक मंडळाने पुस्तकांशेजारी आणखी एक टेबल लावावं. त्यावर या कायद्याची मराठी माहिती, निरोध, जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या मोफत तपासणी केंद्राचा पत्ता आणि १०९७ या हेल्पलाइनचा मोठा फलक असावा. टेबलावर एचआयव्हीसह जगणारा एखादा कार्यकर्ता बसायला तयार असेल, तर त्याच्या शेजारी बसून डबा खाणारे दोघे-तिघे आधीच ठरवून ठेवा.