लोणार : पायी पाहावयाचे सरोवर

जानेफळ (जि. बुलढाणा) : खामगावहून मेहकरकडे जाताना जानेफळ लागते. या रस्त्याने मेहकरमार्गे पुढे गेल्यास लोणारचे सुप्रसिद्ध खाऱ्या पाण्याचे सरोवर गाठता येते. इतर तलावांप्रमाणे येथे नौकाविहार नाही आणि पाणी तीव्र अल्कधर्मी असल्याने ते पोहण्यायोग्यही नाही. काठावरून आणि पायवाटेने पाहण्याचे हे स्थळ आहे.

उल्कापातातून निर्मिती

बेसाल्ट खडकात उल्केच्या आघाताने हे विवर निर्माण झाले. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, तर काठापासूनची खोली सुमारे १३७ मीटर आहे. पूर्वी त्याचे वय सुमारे ५२ हजार वर्षे मानले जाई. नंतर प्रसिद्ध झालेल्या आरगॉन पद्धतीच्या कालमापनानुसार ते सुमारे ५.७ लाख वर्षे ठरते. सरोवरातून पाणी बाहेर नेणारा एकही प्रवाह नाही. आलेले पाणी बाष्प होऊन जाते आणि क्षार मागे उरतात. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले होते. क्षारता वाढल्याने फोफावलेले हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव त्यास कारणीभूत असल्याचे तपासणीत आढळले.

काय पाहाल?

गावातील दैत्यसूदन मंदिर शिल्पकामासाठी प्रसिद्ध आहे. लवणासुराचा वध करणाऱ्या विष्णूची आख्यायिका या मंदिराशी जोडलेली आहे. विवराच्या काठावर गोमुखातून गोड्या पाण्याची धार अखंड वाहते. तेथून पायवाटेने खाली उतरल्यास झाडीत लपलेली जुनी मंदिरे आणि अगदी पाण्यालगतचे कमळजादेवीचे मंदिर दिसते. सरोवराची पातळी वाढली, की मंदिरापर्यंत पाणी येते. त्यामुळे उतरण्यापूर्वी वन कर्मचाऱ्यांकडे वाटेची चौकशी करणे हिताचे ठरते.

पक्षी आणि वन्यजीव

सन २००० मध्ये हा परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याची रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत नोंद झाली. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरनंतरचे हे राज्यातील दुसरे रामसर स्थळ होय. रामसर नोंदीनुसार येथे पक्ष्यांच्या १६०, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या ४६ आणि सस्तन प्राण्यांच्या १२ प्रजाती आहेत.

खारेपणाच खरा ठेवा

येथील सूक्ष्मजीवसृष्टी पाण्याच्या अल्कधर्मी गुणावर तगून आहे. सांडपाणी किंवा प्रमाणाबाहेर गोडे पाणी विवरात उतरल्यास हा गुणच सौम्य होतो. सरोवराच्या संवर्धनाचा प्रश्न यापूर्वीच उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला आहे. पर्यटकांनीही धारेवर साबण वापरू नये, निर्माल्य व प्लास्टिक खाली नेऊ नये आणि कातळाचे तुकडे उचलू नयेत.

केव्हा व कसे जाल?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ पक्षीनिरीक्षणास उत्तम. पावसाळ्यात विवर हिरवेगार असते, मात्र वाटा निसरड्या होतात. उतरण्यास सकाळची वेळ निवडावी, कारण परतीचा चढ उन्हात दमवणारा असतो. पिण्याचे पाणी व चांगली पादत्राणे सोबत असावीत. मुंबई किंवा नागपूरकडून येणाऱ्यांना समृद्धी महामार्गाने मेहकरपर्यंत येऊन लोणारला जाता येते. छत्रपती संभाजीनगरहून जालनामार्गे रस्ता आहे.