पुढचा प्रश्न

बी.एड. करत असताना मी आमच्या नानीची मुलाखत टेप केली होती. साठ मिनिटांच्या कॅसेटवर फक्त अकरा मिनिटं भरली आहेत. इतकी वर्षं ती कपाटात पडून होती. ती बाहेर काढायला लागली शिकागोच्या एका रेडिओवाल्यामुळे.

त्याचं नाव स्टड्स टर्केल. जन्म 1912 चा, ज्यू स्थलांतरितांचा मुलगा. शिकागोत घरच्यांचं भाड्याच्या खोल्यांचं छोटं हॉटेल होतं. तिथल्या कामगारांच्या आणि बेकारांच्या गप्पा ऐकत हा वाढला. कायद्याची पदवी घेतली, पण वकिली केली नाही. पुढे टीव्हीवर त्याचा कार्यक्रम चालू होता, तो डाव्या मंडळींच्या अर्जांवर सह्या केल्याच्या कारणाने बंद पडला. ‘माझी फसवणूक झाली’ एवढं म्हटलं असतं तर सुटला असता. म्हणाला नाही. मग 1952 पासून 1997 पर्यंत डब्ल्यूएफएमटी या शिकागोच्या स्थानिक केंद्रावर तो बोलत राहिला. पंचेचाळीस वर्षं आणि एकच शहर.

त्याच्या पाच हजारांवर मुलाखती आता जपून ठेवल्या आहेत, त्यातल्या पुष्कळ इंटरनेटवर ऐकता येतात. 1975 मध्ये मुहम्मद अली आपलं आत्मचरित्र घेऊन त्याच्याकडे आले होते. आपल्यापैकी बहुतेकजण तीच मुलाखत आधी शोधतील, मीही तेच केलं. 1964 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग बोलले, तेही गायिका महालिया जॅक्सन यांच्या घरी, निवांत. पण मी थबकलो तो जेम्स बाल्डविन यांच्या 1961 च्या मुलाखतीपाशी.

बाल्डविन हे काळे लेखक, तेव्हा ऐन भरात. टर्केल सुरुवातीला प्रश्नच विचारत नाही. बेसी स्मिथची एक जुनी रेकॉर्ड लावतो आणि मग विचारतो, हे ऐकताना काय वाटलं? बाल्डविन सांगू लागतात की पहिली कादंबरी त्यांनी स्वित्झर्लंडच्या एका खेड्यात, हीच गायिका ऐकत पूर्ण केली. अमेरिकेत असताना मात्र तिला कधी ऐकलं नव्हतं, कारण गोऱ्यांनी काळ्यांचं जे चित्र रंगवलं होतं त्याची त्यांना लाज वाटायची. विचारलं गाण्याबद्दल आणि उत्तर आलं ते लाजेबद्दल! ‘वंशद्वेषाचा आपल्यावर काय परिणाम झाला?’ असं विचारलं असतं तर भाषण मिळालं असतं.

साध्या माणसांशीही तो असाच बोलायचा. एक किस्सा तो नेहमी सांगे. गरीब वस्तीतल्या एका आईशी बोलणं झालं, मुलांनी हट्ट धरला म्हणून त्याने टेप परत लावली. स्वतःचा आवाज ऐकून त्या बाईने तोंडावर हात ठेवला. आपल्या मनात हे आहे, हे तिलाच ठाऊक नव्हतं. सी. पी. एलिस हा तर काळ्यांचा द्वेष करणाऱ्या क्लॅन संघटनेचा माजी पुढारी. टर्केलच्या 1980 च्या पुस्तकात तो बोलतो कापड गिरणीत झिजलेल्या बापाबद्दल, पैशाच्या ओढाताणीबद्दल, आणि मग आपण कसे बदललो त्याबद्दल.

आता आमची कॅसेट. नानी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थानात फौजा आल्या, तेव्हा ती तेरा-चौदा वर्षांची असेल. रझाकारांचा जुलूम खरा होता, आणि त्यानंतर निजामाशी काही देणंघेणं नसलेल्या गरीब मुसलमानांवर जे गुदरलं तेही खरं. पंडित सुंदरलाल समितीने 27 ते 40 हजार मृत्यूंचा अंदाज सरकारला दिला होता. तो अहवाल कित्येक दशकं दडून राहिला. उस्मानाबाद सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांपैकी एक. आमच्या घरात मात्र ‘पोलिस ॲक्शन के टैम’ एवढेच शब्द निघत, तेही एखाद्याच्या वयाचा हिशेब लावताना.

आणि मी काय विचारलं? गावाचं नाव सांगा. लोकसंख्या किती? तारीख कोणती? किती लोक दगावले? प्रश्नावली वहीत लिहून नेली होती, मार्क मिळणार होते ना! नानी तांदूळ निवडत बसली होती, टेपमध्ये सुपाचा आवाज स्पष्ट येतो. तारखेला ती म्हणते, “क्या मालूम बेटा.” आकड्याला काहीच म्हणत नाही. मग आपणहून सांगते, “अम्मा चूल्हे पे हंडी वैसेच छोड़ के निकली.”

हंडीत काय होतं? कुठे निघालात? अब्बा कुठे होते? यातलं एकही मी विचारलं नाही. नानीला जाऊन आता बारा वर्षं झाली. टेपमध्ये त्या वाक्यानंतर सूप थांबतं. चार-पाच सेकंद काहीच नाही. मग माझा आवाज येतो, “बरं नानी, पुढचा प्रश्न.”