पाठीवरचा आकडा : फुटबॉलच्या मांडणीचा थोडा इतिहास



आपल्या मावळात आषाढाचा पाऊस लागला की क्रिकेटची खेळपट्टी चिखलात जाते आणि मुलांच्या पायांत फुटबॉल येतो. तळेगाव, कामशेत, लोणावळा, कोठेही पाहा. दहा नंबरच्या जर्सीसाठी तंटा ठरलेला, आणि पाच नंबरची जर्सी कोणी आपणहून मागत नाही. हे आकडे आले कोठून आणि त्यांचा अर्थ काय, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. त्याची हकिगत सांगण्याजोगी आहे, आणि तिच्यात आपल्या समाजातील एका शिक्षकाचाही मोठा वाटा आहे.

गेल्या शतकाच्या आरंभी सर्वत्र एकच मांडणी रूढ होती. गोलकीपरच्या पुढे दोन फुल बॅक, त्यांच्यापुढे तीन हाफ बॅक आणि सर्वांत पुढे पाच फॉरवर्ड. इंग्लंडच्या लीगमध्ये पाठीवर आकडे घालून संघ प्रथम उतरले ते २५ ऑगस्ट १९२८ रोजी. आर्सेनल आणि चेल्सी हे त्यांतले दोन. १९३३ च्या एफ. ए. कप अंतिम सामन्यात तर एव्हर्टनने १ ते ११ आणि मँचेस्टर सिटीने १२ ते २२ आकडे घातले होते! पुढे १९३९ मध्ये तेथील लीगने आकडे सक्तीचे केले. मोजणी सोपी होती : गोलकीपरपासून सुरुवात करायची आणि प्रत्येक ओळीत उजवीकडून डावीकडे जायचे. गोलकीपर १, फुल बॅक २ आणि ३, हाफ बॅक ४, ५, ६, आणि राइट आउट ७ पासून लेफ्ट आउट ११ पर्यंत फॉरवर्ड. म्हणजे पाच नंबर हा मैदानाच्या अगदी मधोमध असलेला सेंटर हाफ. संघाचा कणाच म्हणा ना.

मग तो मागे कसा गेला? त्याचे कारण एका नियमात आहे. १९२५ पर्यंत फॉरवर्डच्या पुढे प्रतिपक्षाचे तीन खेळाडू नसले तर ऑफसाइड होई. त्या वर्षी तीनाचे दोन करण्यात आले आणि गोलांचा पूर आला. इंग्लंडच्या पहिल्या विभागात एका मोसमात ११९२ गोल झाले होते, ते पुढच्या मोसमात १७०३ झाले. बचाव उघडा पडला, तेव्हा आर्सेनलचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनी सेंटर हाफला मागे ओढून दोन बॅकच्या मध्ये उभे केले. दोन फॉरवर्डही थोडे मागे आले. कागदावर या मांडणीचा आकार इंग्रजी डब्ल्यू आणि एम या अक्षरांसारखा दिसे. आकडा मात्र बदलला नाही. ५ हा आकडा २ आणि ३ यांच्या मध्ये जाऊन बसला. गंमत अशी की अर्जेंटिनात पाच नंबर अजूनही मधल्या फळीतला मानतात, कारण तेथे बचावासाठी मागे आले ते ४ आणि ६.

आता आपल्या देशाकडे वळू. खंडाळ्याचा घाट उतरून मुंबईस गेले की कूपरेज मैदान लागते. १८९१ साली मुंबईत सुरू झालेल्या रोव्हर्स कपचे सामने पुढे या मैदानावर गाजले. आता ती स्पर्धा बंद पडली आहे. परंतु एके काळी गोऱ्या पलटणींचेच तिच्यावर राज्य होते. १९३७ मध्ये बेंगलोर मुस्लिम्स या संघाने तो चषक जिंकला आणि १९३८ मध्ये पुन्हा जिंकला. १९४० मध्ये कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने त्यांनाच हरवून तो नेला, आणि त्याच वर्षी दिल्लीत रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटला २-१ असे नमवून ड्युरँड कपही मिळवला. त्यानंतर १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स कप हैदराबाद सिटी पोलीस संघाकडे राहिला.

या पोलीस संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शाळामास्तर. बी. ए. होऊन त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली होती. खेळाडूंनी दोन्ही पाय सारखेच वापरावेत म्हणून ते केवळ कमजोर पायाने खेळावयाच्या स्पर्धा भरवीत. खेळात वेळ दवडला तर तालीम बुडते, असे मानणाऱ्या पालकांनी या मास्तरांचे चरित्र अवश्य पाहावे.

परंतु रहीमसाहेबांनाही ठेच लागलीच. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांच्या हाताखालील भारतीय संघ युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला. आपला एकमेव गोल अहमद खानचा. आपले बरेचसे खेळाडू अनवाणी होते हे सर्वजण सांगतात, पण दोन बॅकची जुनी मांडणी आपण सोडली नव्हती हे सांगायचे राहून जाते. माझ्या मते घाव तेथेच बसला. त्यानंतर बूट आले आणि रहीमसाहेबांनी बचावात तिसरा बॅकही आणला. १९५६ मध्ये मेलबर्न येथे भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्यांतले तीन गोल मुंबईकर नेव्हिल डिसोझाचे. ऑलिंपिकमध्ये असे तीन गोल करणारा तो पहिला आशियाई. मुंबईत त्याचे नाव आज किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे. त्या ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला.

१९५८ मध्ये ब्राझीलने चार बॅक, दोन हाफ, चार फॉरवर्ड अशी मांडणी करून विश्वचषक जिंकला. पेलेच्या पाठीवर १० हा आकडा होता, आणि आपल्या गल्लीतला तंटा बहुधा तेथूनच सुरू झाला! त्याच विश्वचषकात ब्राझीलचा गोलकीपर गिल्मार ३ नंबर घालून खेळला, हेही ध्यानात ठेवावे. रहीमसाहेबांनी ही चार-दोन-चारची रीत आपल्या संघात रुजवली आणि १९६२ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ती कसास लागली. या संघात मुंबईच्या टाटा संघाकडून खेळणारा गोमंतकीय हाफ बॅक फॉर्च्युनाटो फ्रँकोही होता.

थायलंडविरुद्ध जर्नेलसिंगच्या डोक्याला जबर मार लागला आणि टाके पडले. तो स्टॉपर, म्हणजे जुन्या हिशेबाने पाच नंबरच्या जागेचा मानकरी. अशा स्थितीत त्याला बचावात उभा करणे कठीण. पण बाहेर बसवणेही परवडणारे नव्हते. रहीमसाहेबांनी त्याला सरळ सेंटर फॉरवर्डच्या जागी पाठवले. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्याने गोल केला. ४ सप्टेंबर १९६२ रोजी अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध पहिला गोल पी. के. बॅनर्जीचा, दुसरा जर्नेलसिंगचा. भारत २-१ असा जिंकला.

रहीमसाहेब तेव्हा कर्करोगाने पोखरले होते. ११ जून १९६३ रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले. आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्णपदक भारताला त्यानंतर मिळालेले नाही.