नमद्याचे मणी

लोकर न विणता, न कातता दाबून घट्ट केलेले मणी आणि त्यांचे दागिने. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घर्षण यांमुळे तंतू एकमेकांत अडकतात व पुन्हा सुटत नाहीत; अशी घट्ट झालेली लोकर म्हणजे नमदा. सुताला असे खवले नसल्याने त्याचा नमदा होत नाही. आपला बुरणूस याच तत्त्वावर बनतो. कला जुनी आहे: अल्ताई पर्वतातील पाझिरिक थडग्यांत इ.स.पू. काळातील नमद्याचे हंस सापडले.

रंगवलेल्या लोकरीची चिमूट साबणपाण्यात भिजवून तळहातांवर लाडूसारखी वळतात. सुरुवातीला हात अगदी हलका हवा; घाईने दाबल्यास पडलेली भेग सहसा बुजत नाही. गोळा आळून बराच लहान होतो. नीट वाळल्यावर सुईने आरपार ओवतात, मध्ये काचमणी घालतात किंवा पृष्ठभागावर बारीक पोत टाचतात. फुले-पाने खाचांच्या सुईने कोरडी टोचूनही घडवतात. काठमांडूत असे मणी निर्यातीसाठी बनतात. मोठी माळही गळ्याला हलकी वाटते. मात्र तिला कसर लागते.