गर्भजलातील प्रतिकारदर्शके आणि अकाली प्रसूती : मावळ परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
गर्भधारणेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी होणारी प्रसूती म्हणजे अकाली प्रसूती होय. ‘सातमाशा’ या शब्दाने मराठी समाजाने अशा बालकाची नोंद फार पूर्वीच घेतली. कारण मात्र मातेची अशक्तता, श्रम किंवा दैव यांत शोधले. ते गर्भजलात कसे सापडले आणि त्या ज्ञानाचा मावळसारख्या डोंगराळ तालुक्याला कोणता उपयोग आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पनेचा विकास :
१९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत रोबेर्तो रोमेरो व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, जंतुसंसर्ग झालेल्या गर्भजलात इंटरल्यूकिन-१ व ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर ही प्रतिकारयंत्रणेची संदेशवाहक प्रथिने वाढलेली असतात. त्यांच्या प्रभावाने प्रोस्टाग्लँडिने निर्माण होऊन गर्भाशय आकुंचन पावते, तर पांढऱ्या पेशींतील विकरे पाणमोट दुर्बल करतात. पुढे इंटरल्यूकिन-६ हे प्रमुख दर्शक ठरले. दर मिलिलिटरमागे २.६ नॅनोग्रॅम किंवा अधिक प्रमाण हे दाहाचे लक्षण मानले गेले. जंतू नसतानाही असा दाह संभवतो, हेही स्पष्ट झाले.

यावरून प्रतिजैविकांचा उपाय सुचणे स्वाभाविक होते. परंतु २००१ च्या ओरॅकल चाचणीत, पाणमोट शाबूत असताना कळा सुरू झालेल्या स्त्रियांना ती देऊन बालकांना लाभ झाला नाही. २००८ च्या पाठपुराव्यात तर त्या मुलांत सेरेब्रल पाल्सीचे प्रमाण अधिक आढळले. कारण कळले, तरी उपाय हाती आला नव्हता.

महाराष्ट्र आणि मावळ :
महाराष्ट्रात ‘गर्भजल परीक्षा’ हा शब्द निराळ्याच कारणाने परिचित झाला. गर्भलिंगनिदानासाठी तिचा दुरुपयोग झाल्याने राज्याने १९८८ मध्ये देशातील पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. या पूर्वेतिहासाखेरीज भूगोलही आड येतो. अंदर, नाणे व पवन मावळातील स्त्रीला अवेळी कळा आल्यास सुईने गर्भजल काढणारा तज्ज्ञ, सोनोग्राफी व प्रयोगशाळा काही तासांत मिळाव्या लागतात. मुसळधार पावसात वाडीवस्तीवरून तळेगाव वा लोणावळा गाठणे हीच पहिली अडचण असते.

म्हणूनच गर्भजलाला स्पर्श न करणारे उपाय महत्त्वाचे ठरतात. नागपूर व बेळगाव ही केंद्रे असलेल्या सहा देशांतील चाचणीत ११,९७६ प्रथम प्रसूतीच्या स्त्रिया सहभागी होत्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अकाली प्रसूतीचे प्रमाण अल्पमात्रा ॲस्पिरिन घेणाऱ्यांत ११.६ टक्के, तर इतरांत १३.१ टक्के होते. त्याच वर्षी भारतासह पाच देशांतील रुग्णालयीन चाचणीत, अकाली प्रसूतीचा संभव असलेल्या मातांना डेक्सामेथासोन दिल्यावर नवजात मृत्यूंचे प्रमाण २३.५ वरून १९.६ टक्क्यांवर आले.

निष्कर्ष :
या दोन्ही उपायांना एक अट आहे. ॲस्पिरिन चौदाव्या आठवड्यापूर्वी सुरू करण्यात आले होते. डेक्सामेथासोनसाठी गर्भाचे वय अचूक माहीत असावे लागते आणि माता वेळेत रुग्णालयात पोहोचावी लागते. गर्भजलाने अकाली प्रसूतीचे एक मर्म उघड केले; परंतु मावळातील बालकाचे भवितव्य पहिल्या तिमाहीतील नोंदणी आणि पावसाळ्यातही चालू राहणारा रस्ता यांवरच अधिक अवलंबून आहे.